बसवायचं राहिलं

बाळीवेशीच्या गल्लीत कुणी वारलं की एक जण रडायचं सोडून सिद्धलिंगप्पाला बोलवायला धावतो. लिंगायतांत मेलेल्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, हातात गळ्यातलं इष्टलिंग देतात आणि तसंच बसलेलं समाधीत ठेवतात. हे सगळं अंग ऊबदार आहे तोवर उरकावं लागतं, नंतर माणूस लाकूड होतो. सिद्धलिंगप्पा मार्केट यार्डात तोलार. दिवसभर ज्वारीची पोती काट्यावर चढवून हात राकट झालेले, पण मेलेल्याचा गुडघा दुमडताना तेच हात मऊ व्हायचे. "कुंदर्री," असं तो कन्नडात म्हणायचा, पाहुण्याला बसा म्हणावं तसं. या कामाचा त्यानं कुणाच्या घरी चहासुद्धा घेतला नाही. त्याची बायको ईरम्मा चेष्टेनं म्हणायची, "गावाला बसवता, मला मातर लई ऐटीत बसवायचं हां."

ती ईरम्मा यंदा कडक भाकऱ्या थापता थापता चुलीपुढंच कलंडली. डोक्यात रक्तस्राव. पुतण्या गुरुशांत कापडदुकानात कामाला, घरात शिकलेला तोच. त्यानं काकूला रिक्षात घातलं आणि एका मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं. नाव कशाला घ्या, काचेची दारं सगळीकडं सारखीच. सिद्धलिंगप्पाच्या खिशात सरकारी योजनेचं कार्ड होतं आणि त्या कार्डावर तिथं फुकट उपचार होतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो कार्ड काढतोय तोवर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ते मागाहून बघू काका, आधी डिपॉझिट भरा, पेशंट सिरियस आहे."

गुरुशांतनं काकाचा हात खिशातच दाबला. कार्ड दाखवलं की काकूला कोपऱ्यात टाकतील आणि पैसे मोजले की डॉक्टर पळत येईल, ही त्याची समजूत. त्याची एकट्याची कशाला, आपल्या सगळ्यांचीच की! हक्काचं मागायला आपल्याला लाज वाटते आणि कर्ज काढून भरताना छाती फुगते. डिपॉझिट भरलं. ईरम्मा रोख पेशंट म्हणून आत गेली आणि मंजुरीचा अर्ज मागं रखडला, तो रखडलाच.

चार दिवसांनी सकाळी ती गेली. डॉक्टरनं येऊन सांगितलं, खांद्यावर हात ठेवला, सगळं रीतसर झालं. सिद्धलिंगप्पा रडला नाही. त्यानं गल्लीत फोन लावून सांगितलं, "खड्डा खणाय घ्या. पाणी तापवा. आमी आलोच."

पण येतायत कुठले! बिल भागलेलं नव्हतं आणि योजनेची मंजुरी आलेली नव्हती. गुरुशांत तावातावानं मॅनेजरपुढं उभा राहिला. "बिलासाठी बॉडी अडवता येत नाही. पेशंटचा हक्क आहे तो."

मॅनेजर सभ्य माणूस. आवाजसुद्धा चढवला नाही. "अडवतंय कोण? बसा ना. फाईल वरून खाली आली की लगेच सोडतो."

आता बोला. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. इथं कुणी नाही म्हणतच नव्हतं. गुरुशांतनं तक्रारीच्या नंबरावर फोन लावला, तिथल्या बाईनं तक्रार आदरानं लिहून घेतली आणि धन्यवाद म्हणाली. फाईल काही जागची हलली नाही.

सिद्धलिंगप्पा बाकावर बसून होता. बाकीच्यांना वेळ जाताना दिसत होता, त्याला ईरम्मा दिसत होती. आता जबडा धरला असेल. आता मान. आता खांदे. डोळे मिटूनसुद्धा त्याला ते कळत होतं आणि ते कळतंय याचाच त्याला संताप येत होता. शेवटी तो उठून मॅनेजरकडं गेला.

"साहेब, न्यायचं मागनं बघू. मला फकस्त आत सोडा. तिची मांडी घालतो आन् भाईर येतो. पळवून न्हेत न्हाय मी तिला."

मॅनेजरला बहुतेक वाईट वाटलं असावं. "काका, बॉडी आता शीतपेटीत ठेवली आहे. तसं अलाउड नाही."

शीतपेटी म्हटल्यावर सिद्धलिंगप्पा परत बाकावर जाऊन बसला. गारठ्यात ताठलेलं अंग लवकर सैल होत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

दुपार कलल्यावर गुरुशांतनं कुठून तरी पैसे उभे केले. कसे, ते त्यानं घरात अजून सांगितलेलं नाही. आणि काय चमत्कार, सकाळपासून वर अडकलेली फाईल जिना उतरून खाली आली.

घरी आणली तेव्हा आळीतली माणसं दारात उभी होती. बायकांनी पाणी घातलं, भस्म कालवलं. सिद्धलिंगप्पानं एक हात गुडघ्याखाली घातला, दुसरा घोट्याला लावला. पाय सरळच्या सरळ उचलला गेला. जोर लावून बसवता येतं, तेही त्याला येत होतं. दूरगावच्या नातेवाइकांची वाट बघत ठेवलेल्या परक्या म्हाताऱ्यांना त्यानं तसं बसवलंही होतं. सांधा मोडताना आवाज होतो, तेव्हा तो घरच्यांना मुद्दाम बाहेर काढायचा. आज घरचा तोच होता. त्यानं पुन्हा हात लावला, दात आवळले आणि सोडून दिलं. "माझ्यानं न्हाय व्हायचं," असं म्हणून तो तिच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्यानं रडला.

विधीला आलेले स्वामी म्हणाले, "अण्णा, आडवी नेली म्हणून शिव काही दूर करत नाही." लोकांनी माना डोलावल्या. बोलायला काय जातंय?

स्मशानात खड्डा तयार होता, चौकोनी, आत बसायला कोनाडा केलेला. ईरम्मा त्यात मावणार नव्हती. तिला खांद्यावर घेतलेली माणसं तशीच खोळंबली. खणणारा बिरुदेव खाली मान घालून उभा राहिला, त्याला विचारवेना. तेव्हा सिद्धलिंगप्पा स्वतःच पुढं झाला, हातानं जमिनीवर बायकोची उंची दाखवली आणि म्हणाला, "हितपतोर लांबवा."