वायरलेसवरचा ओरडा

मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत मी वायरलेस सांभाळत असे. त्या दुपारी वारा वाढला आणि पांडू तांडेलांच्या होडीचं इंजिन समुद्रात बंद पडलं. होडी कुठे आहे एवढंच मला हवं होतं, पण सेटमधून नुसती फाटकी घरघर येत होती.

"तांडेल, माईक तोंडात घालू नका! वीतभर लांब धरा!" मी ओरडलो. ते आणखी मोठ्यानं ओरडले. नवी अँटेना, नवा स्पीकर, सगळं बसवून झालं होतं. या ओरडण्यावर काय बसवायचं? ऐकू जात नाही म्हटलं की माणूस आवाज चढवतो आणि होते तेवढे शब्दही घालवतो. घरात तरी आपण वेगळं काय करतो? मी पुरता वैतागलो होतो.

तेवढ्यात त्यांची बायको धावत आली. तिनं माझ्या हातातला माईक घेतला. "मी हाय. हळू बोला."

घरघर थांबली. मग स्वच्छ आवाज आला, "दीपगृहाच्या पश्चिमेला, चार मैलांवर. घाबरू नको."

मदतीची होडी लगेच सुटली. संध्याकाळी तांडेल सुखरूप कचेरीत आले आणि दारातूनच माझ्यावर खेकसले, "काय ओरडत होतास रे! एक शब्द कळला नाही."