मंजूर न झालेला राजीनामा

"मावशी, आई गेली," एवढंच शैलाची मुलगी मुग्धा फोनवर म्हणाली. हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंगमधून उठून मी जिन्यात आले आणि तिथंच बसले. आदल्याच रविवारी शैला भेटली होती. "एवढ्या स्पर्धा आटोपल्या की मोकळी होते बघ," म्हणाली होती... गेली कित्येक वर्षं ती हेच म्हणत होती.

शैला आणि मी शाळेपासून एका संघात खो-खो खेळलो. खो कधी द्यायचा, हे तिला उपजत कळायचं. विचार करताना ती दिसायचीच नाही. निर्णय झालेला असायचा. पुढे मी कॉम्प्युटर शिकून नोकरीला लागले आणि ती खो-खो संघटनेची सचिव झाली. थोडी वर्षं काम बघायचं, मग मैदानात मुलींना शिकवायचं, असा तिचा बेत होता.

त्या कार्यालयात वेळ सगळ्यांकडे होता, निर्णय कुणाकडेच नव्हता. अध्यक्ष आयटी पार्कांच्या उद्घाटनांत गुंतलेले, फोनवर ठरलेलं उत्तर, "बघू." एकदा राष्ट्रीय स्पर्धेची गाडी दुसऱ्या दिवशी सुटणार आणि मुलींचा संघच जाहीर झालेला नाही, कारण अध्यक्षांच्या ओळखीतली कुणी त्यात बसत नव्हती. लोणी काळभोरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन सकाळपासून दाराशी बसलेले. "म्याडम, पोरीचं नाव हाय का न्हाई, तेवढं सांगा. न्हाईतर घरी नेतो." शैलाने निवड समितीची यादी उचलली, खाली स्वतःची सही केली आणि दारावर डकवली. "आहे नाव. बॅग भरा."

मुली जिंकून आल्या. स्टेशनवर हार अध्यक्षांच्या गळ्यात पडला. मग प्रत्येक अवघड निर्णय शैलाच्या टेबलावर येऊ लागला. जमलं तर संघटनेचं, फसलं तर शैलाताईंचं.

कर्वेनगरच्या एका शाळेने तिला प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा तिने त्याच दिवशी होकार कळवला आणि राजीनामा दिला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, घाई काय आहे? सभेत घेऊ." तो विषय एका सभेतून दुसऱ्या सभेत जात राहिला. शाळेने एक हंगाम वाट पाहिली आणि दुसरीला नेमलं.

"सरळ निघून का नाही आलीस?" मी चिडून विचारलं होतं.

"किल्ल्या कुणाच्या हातात देऊ? इथले लोक 'बघू' म्हणत बसतील आणि पोरी घरी बसतील गं."

तिला सोडवायचं कसं, ते मलाही कळत नव्हतं... ती सचिव म्हणूनच गेली.

परवा मुग्धाबरोबर शैलाचं सामान आणायला संघटनेच्या कार्यालयात गेले. प्रेक्षकांच्या गॅलरीखालची बिनखिडकीची खोली. वर सामना चालू होता. इतकी वर्षं सामने भरवून शैलाने ते धड पाहिले नाहीत, डोक्यावर पाय आपटले की पेन थांबवून ती छताकडे बघायची आणि आवाजावरून सांगायची, "गडी बाद झाला." अध्यक्ष आमच्याशी बोलत होते, "ताईंच्या जागी कोण, ते बघू आता..." तेवढ्यात वर एकदम पाय आपटले. आम्ही तिघंही छताकडे बघत राहिलो. वर काय झालं, ते कुणालाच कळलं नाही.