वैशाली मॅडमचा सत्कार

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मी जो घोळ घातला तो ऐकताना आमच्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला होता.

मी नेवाशात राहतो आणि गावरान कोंबडीपालनावर ब्लॉग चालवतो. हौस म्हणून नाही, धंदा म्हणून! जाहिराती मिळवायच्या आणि त्यावर घर चालवायचं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही पटत नव्हतं. यंदा पक्की जाहिरात आली नाही तर मुकाट्यानं मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

आता एकट्या माणसाला जाहिरात कोण देणार? म्हणून मी ब्लॉगवर ‘आमची टीम’ असं एक पान केलं. संपादक मी. हिशेबाला एक साहेब, फोटोला एक साहेब आणि ग्राहकांशी बोलायला वैशाली मॅडम. सगळे मीच! संपादक म्हणून मी कुणाचा फोन धड घ्यायचो नाही. मोठ्या माणसाला वेळ नसतो, हे दिसायला नको का? मेसेजना उत्तरं मात्र वैशाली मॅडम द्यायच्या.

श्रीरामपूरचे आण्णा कोंबडीखाद्याचे मोठे व्यापारी. मॅडमवर ते इतके खूश झाले की वर्षभराची जाहिरात द्यायला निघाले. मी जागच्या जागी उडी मारली. तेवढ्यात पुढचा मेसेज आला. नव्या गोडाऊनचं उद्घाटन आहे, तिथं सगळ्या टीमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आणि जाहिरातीचंही तिथंच सांगणार.

आपल्याकडं एखाद्याच्या लग्नाला गेलं नाही तर माणूस एकवेळ माफ करतो. पण सत्काराला नाही म्हणून बघा बरं! तिकडं तर आमच्या नावांचा फ्लेक्सही लागला होता.

मग काय करता? चुलतभावाच्या गळ्यात कॅमेरा अडकवला. दादांना हिशेबनीस केलं. शाल मिळणार म्हणून ते तयार झाले असं मी म्हणणार नाही, पण ठेवणीतली टोपी काढली होती एवढं खरं. आणि माझ्या बायकोला, शोभाला, केलं वैशाली. नुसतं हसायचं, बोलायचं काही नाही, असं तिला वाटेत बजावत नेलं.

आमच्या शाली भराभर उरकल्या. मग वैशाली मॅडमचं नाव आलं आणि आण्णांनी स्वतः माईक घेतला.

“माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तवा ही बाई रोज इचारायची, आण्णा, जेवलात का? गोळी घेतली का? पोटच्या पोरांनी न्हाई इचारलं. ही माझी लेकच हाय.”

मांडवात टाळ्या पडल्या. शोभानं माझ्याकडं असं काही बघितलं की मी हातातला नारळ घट्ट धरला.

मग आण्णा माझ्याकडं वळले. “जाहिरात दिली तुमाला. पर साहेब, तुमी फोन उचलत न्हाई, आन् बोलला तर वसकन अंगावर येता. माझा यवहार मॅडमसंगं. तुमी मधी पडू नका.”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

परतीच्या जीपमध्ये मी हवेत होतो. वर्षाची जाहिरात, मामाचं दुकान टळलं! पण शोभानं माझा मोबाईल मागून घेतला आणि वैशालीचे मेसेज एकेक करून मोठ्यानं वाचले. उन्हात हिंडू नका. पाणी पीत जा. काळजी करू नका, मी आहे ना.

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माझं बी गुडघं दुखत्यात. कवाचं.”

मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी काहीतरी बोलणार, तोच शोभानं मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.

“आजपासनं घरी वैशालीला धाडत जा,” ती म्हणाली. “संपादकासंगं लई वर्सं काढली आमी.”