शकुंतलाबाईंच्या काखेतली गाठ

"माह्या तेरवीले रोडगेच करजा. पुऱ्या कोणी खात नाई."

शकुंतलाबाई हे सुनेला सांगत होत्या, माझ्याच केबिनमध्ये, तपासणीच्या टेबलावर बसून. मी अमरावतीत सर्जन आहे. मुलगा महेश त्यांना अकोल्याहून गाडी करून घेऊन आला होता. उजव्या काखेत सुपारीएवढी गाठ, अंगात कणकण. काखेतली गाठ म्हणजे कॅन्सरच, असं घरात कोणीतरी मोबाइलवर वाचलेलं. सून प्रणिताचे डोळे रडून लाल झाले होते. सासूबाई मात्र स्वतःच्या तेराव्याच्या जेवणाचा मेन्यू ठरवत होत्या.

"मॅडम, आजच काढून टाका," महेश म्हणाला.

"आधी पाहू तर द्या." मी दोघांना बाहेर बसवलं.

रक्तवाहिन्यांसारखंच आपल्या शरीरात आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून पाण्यासारखा पातळ द्रव, म्हणजे लसिका, वाहतो. वाटेत ठिकठिकाणी छोट्या गाठी असतात. आम्ही त्यांना लिम्फ नोड म्हणतो. जखमेतून शिरलेले जंतू लसिकेबरोबर तिथे पोचतात. तिथल्या पांढऱ्या पेशी त्यांना अडवतात, लढायला आपली संख्या वाढवतात, आणि गाठ सुजते. गावाकडे यालाच अवधाण म्हणतात. पायाला जखम झाली की जांघेत, हाताला झाली की काखेत.

पण काखेच्या गाठीत स्तनाकडूनही लसिका येते. त्यामुळे स्तन तपासणं भागच होतं. तिथे माझ्या हाताला गाठ लागली नाही. तरी बाईंचं वय पाहता माझीही धाकधूक गेली नव्हती.

"आता हात दाखवा."

"हाताले काय झालं? गाठ काखेत हाय." त्यांनी हात पदराखाली ओढला.

मी तो बाहेर काढला. मनगटाच्या वर एक लाल फोड आणि शेजारी शेजारी तीन ओरखडे, सुकत आलेले.

"निंबूच्या झाडाचा काटा लागला," त्या म्हणाल्या.

"तीन काटे, एका रांगेत?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. "हळू बोला नं मॅडम! सून बाहेर हाय."

मग खरं निघालं. प्रणितानं मांजरीचं पिल्लू आणलं, तेव्हा ह्याच बाईंनी 'माह्या घरात मांजर चालनार नाई' म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. पिल्लू गच्चीवर गेलं. आणि बाई गुपचूप त्याला दूध-पोळी घालायला लागल्या. नावही ठेवलं, राणी.

"ओरबाडलं कशानं?"

"आंघोळ घालून रायली होती मी तिले."

रेबीजची लस मी त्याच दिवशी सुरू केली. बाईंनी घरी 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणून सांगितलं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी झाली. गाठीत बारीक सुई घालून पेशीही तपासायला पाठवल्या. ओरखडे दिसले म्हणून कॅन्सर नाहीच, असं धरून चालत नाही.

रिपोर्ट चांगले आले. कॅन्सर नाही, जंतूंमुळे आलेली सूज. मी तिघांसमोर गोळ्या लिहून दिल्या.

"पन झालं कशानं?" महेशनं विचारलं.

पेशंटचं गुपित आमच्या तोंडून जायला नको. म्हणून मी मोघम बोलले, "नखं लागली. त्यातून जंतू गेले."

महेशनं सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाहून रायले?" प्रणिता उखडली. "मी काय आईले बोचकारलं?"

मी शकुंतलाबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे पाहत होत्या. काही क्षण त्यांनी ही मजा चाखली, असा मला दाट संशय आहे. मग म्हणाल्या, "तिनं नाई रे. राणीनं."

"कोन राणी?"

"गच्चीवरची."

प्रणितानं कपाळावर हात मारला. "म्हंजे तुमी पन तिले दूध देत होत्या? मी रोज सकाळी देतो!"

"म्हनूनच ते एवढी माजली!" सासूबाई म्हणाल्या.

दोघी हसत सुटल्या. महेश मला विचारत होता, "मॅडम, मंग दूध कमी पडते म्हनून मी दूधवाल्याशी भांडलो त्याचं काय?"

पुढे गाठ हळूहळू विरली. राणीचा मुक्काम गच्चीवरून स्वयंपाकघरात आला. तिला आंघोळ घालायची नाही, एवढी एकच अट मी घातली होती. ती कितपत पाळली जाते, मी विचारत नाही.

तुम्हाला मांजरानं ओरबाडलं, तर जखम लगेच साबणानं धुवा आणि लसीचं विचारायला या. गाठ दिसली तर ती दाखवा, आणि पदराखालचा हातही दाखवा. डॉक्टरला सगळं सांगावं. सुनेला ते आज ना उद्या कळतंच.