गळ्यावरचो हात

तोंडवलीच्या नव्या बालवाडीत एक बाई होती. बोलण्याच्या शेवटी 'हं का' म्हणायची. गाणा म्हणताना माझ्या बहिऱ्या-मुक्या चेडवाचो, माझ्या लेकीचो, हात आपल्या गळ्यावर धरायची. आवाजाची थरथर हाताक लागली की चेडू हसायचा.

मी अंगठेबहाद्दर. खिडकीतसून बघलंय आणि चायच्या हाटेलात मस्करी केलंय, "चेडवाचा मुकेपण आता बाईक लागतला, मगे तुमच्या पोरांका."

लोकांका ता खरा वाटला. एकेकान आपला पोर घराक नेला. चटईवर माझा चेडूच उरला.

बालवाडी बंद झाली, तरी बाई रागावली नाय. म्हणाली, "आता घरी तुम्हीच हिला गाणं म्हणा, हं का."

रोज सांजचा चेडू माझ्या गळ्यावर हात ठेवता आणि वाट बघता. गावाक हसवणारो मी, माझ्या गळ्यातसून आवाज येणा नाय.