साचा एक ते साचा अकरा

बाबांच्या अकरा फायली मी स्वतः पुसल्या आणि नंतर त्यांच्याच समोर त्या शोधल्यासारखं केलं. ते असेपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं.

लालबागच्या आमच्या खोलीत संगणक आला तो माझ्यासाठी. गिरगावात एका प्रकाशकाकडे मी मुद्रितं तपासते; सुट्टीच्या दिवशी घरी थोडं काम उरकता यावं, म्हणून जुना संगणक घेतला होता. मी कामावर गेले की तो बाबांचा. संपात गिरणी सुटली तेव्हा ते चाळिशीला आले होते. पुढची वर्षं त्यांनी दादरला एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून काढली, आणि तेही सुटल्यावर त्यांनी लिहायला घेतलं. कळांवर मराठी अक्षरांचे कागदी कपटे चिकटवून ते एका बोटाने टाइप करत. काय लिहिता म्हणून विचारलं, तर म्हणायचे, "पुरा झाला की वाच. मधीच नको. तू लगेच चुका काढशीत." मी हसायचे, कारण ते खरं होतं.

एकदा संगणक फारच अडखळायला लागला. दुरुस्तीवाल्याने आमच्या फायली बाजूला काढल्या, बाकी सगळं पुसून नव्याने भरलं आणि फायली परत ठेवल्या. त्या रविवारी बाबा गाववाल्यांच्या बैठकीला गेले होते. मी आवराआवर करायला बसले. एका फोल्डरमध्ये इंग्रजी अक्षरांत 'साचा' असं नाव आणि पुढे आकडा, अशा अकरा फायली होत्या. पहिली उघडली. आत इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टोप्या असलेले स्वर. एक शब्द लागेना. आमच्या कचेरीत साचा म्हणजे पुस्तकाच्या पानाची तयार चौकट. तिच्यात मजकूर ओतला की पान तयार. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेले असेच काही साचे असतील आणि ते बिघडले असतील, असं मी ठरवून टाकलं. दुसरी फाइल उघडलीसुद्धा नाही. अकराही पुसल्या आणि रिसायकल बिनही रिकामा केला.

संध्याकाळी बाबा येऊन खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांची हाक आली.

"गो, माझे साचे खंय गेले?"

गिरणीत मागाला माग म्हणत नसत, साचा म्हणत. बाबा साचेखात्यात होते. 'तुझा बाप चार साचे सांभाळतो' हे मी कळायला लागल्यापासून ऐकलेलं. शाळा, कॉलेज, मग नोकरी. त्या शब्दाचे दुसरे अर्थ मी शिकत गेले. शब्द तपासूनच माझं पोट भरतं, आणि घरातला शब्द मला ओळखता आला नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "थांबा, बघते."

मग मी शोधलं. नावाने शोधलं, तारखेने शोधलं, दोन्ही ड्राइव्ह पाहिले. रिसायकल बिन उघडून "इथेही काही नाही" असं नवल वाटल्यासारखं म्हणाले. बाबा चष्मा कपाळावर सरकवून मागे उभे होते. जितका वेळ मी शोधत राहिले, तितकं खरं बोलणं अवघड होत गेलं. शेवटी मीच विचारलं, "तुम्ही नीट सेव्ह केलं होतं ना?"

त्यांनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "माझ्याच हातान कायतरी दाबला गेला आसतला. तू नको तरास घेव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे एक मित्र आले. हे साताऱ्याकडचे, गिरणीत बाबांच्या शेजारच्या साच्यांवर असायचे. त्यांना कळल्यावर ते दारातूनच ओरडले, "काय रं कोकण्या, साचे बंद? घरात पन संप केलास व्हय?"

"तू गप रे घाट्या," बाबा म्हणाले. "ह्यो संप कंप्युटरान केल्यान."

"मंग लिव्ह की परत."

"आता नाय जमाचा."

मी गॅसजवळ उभी होते. वळून दोन वाक्यं बोलायची होती, तेवढंही झालं नाही. बाबांनी पुन्हा लिहिलं नाही. पुढे ते संगणकावर पत्ते खेळायचे.

ते गेल्यानंतरच्या पावसाळ्यात कचेरीत अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंनी एका जुन्या पुस्तकाची फाइल उघडली. तेच कंस, त्याच टोप्या. मी म्हटलं, "ही खराब झालीय."

"खराब कसली, ताई? या मशीनवर तो फॉन्ट नाही, म्हणून अशी दिसते." त्यांनी फॉन्ट टाकला. पानभर मराठी उमटलं, काना-मात्रेसकट. या बाई माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसतात. मी फायली पुसल्या त्या वर्षीही तिथेच बसत होत्या.

त्याच आठवड्यात मी बाबांच्या त्या साताऱ्याकडच्या मित्रांकडे परळला गेले आणि सगळं सांगितलं. आधी त्यांना वाटलं, मी बाबांची चूक माझ्या अंगावर घेते आहे. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं तेव्हा त्यांना पटलं.

"संपात मी मधीच कामावर गेलतो," ते म्हणाले. "पोरगी आजारी हुती. गेटावर तुझा बाप हुबा. बघितलं त्यानं मला, बोलला न्हाई. पुढं कैक वर्सं बोलला न्हाई. मग एक दिस आपनहून आला, म्हनला चा टाक. त्या गोष्टीवर आमी पुन्हा कदीच बोललो न्हाई." मग त्यांनी विचारलं, "त्यात ते लिवलं असंल ना? माझं काय लिवलं हुतं त्यानं?"

चांगलंच लिहिलं होतं, असं म्हणणं सोपं होतं. त्यांना बहुधा तेवढंच हवं होतं.

"मी वाचलं नाही, काका."

"येक बी फाइल न्हाई?"

"एकही नाही," मी म्हटलं. पहिल्या फायलीतल्या, कंस आणि टोप्यांच्या चार ओळी डोळ्यांखालून गेल्या होत्या. त्या कुणाबद्दल होत्या, ते मला सांगता येणार नाही.