अर्ध्या नाटकाच्या दीदी

"मंग? पुढं काय झालं?"

सोमवारी सकाळी ड्रेसिंग रूममध्ये गॉजचे चौकोन कापता कापता दीदी हे विचारायच्या. कात्री थांबायची नाही, मान वर व्हायची नाही, पण मी दारात उभी आहे हे त्यांना बरोबर कळायचं. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या एका लहानशा दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी बाहेर काउंटरवर पेशंटची नावं लिहायची. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघींनी नाटक पाहिलेलं असायचं. मी पूर्ण, त्यांनी अर्धं.

त्यांचा नवरा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला होता. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे नर्सला कोण शिकवणार? शेजारीण येऊन बसायची, पण तिनं हात लावला की ते लहान मुलासारखे रडायचे. म्हणून मध्यंतर झालं की, आपण सगळे समोशाच्या रांगेकडे धावतो ना, तेव्हा दीदी पर्स काखेत मारून रस्त्याला लागलेल्या असायच्या. छत्तीसगढी लोकनाट्याचा नाचा असो, नागपूरहून आलेली मंडळी असोत की गणपतीतलं आपल्या मराठी लोकांचं हौशी नाटक, दीदींनी सगळं पाहिलं, ते मध्यंतरापर्यंत.

पण ते अर्धं त्या जसं पाहायच्या, तसं मी पूर्णही कधी पाहिलं नाही. पहिलं नाटक त्यांनी माझ्याचसोबत पाहिलं, पंचेचाळिशी उलटल्यावर. दिवे मालवले तसं त्यांनी माझं मनगट धरलं आणि पडदा उघडल्यावर सोडायचं विसरल्या. "पाहून राहिली का?" त्या कानाशी म्हणाल्या, "जिता माणूस रडून राहिला समोर. हात लांब केला तं लागन."

एकदा स्टेजवरच्या आजारी सासऱ्याला सून उताणं झोपवूनच दूध पाजू लागली. दीदींना राहवलं नाही. "अवो, डोकं वर करा त्याचं! ठसका लागन!" सभागृह हसून लोटपोट झालं. माझी मान खाली गेली. पण सुनेनं सासऱ्याचं डोकं वर केलं, आणि दीदी निवांत मागे टेकल्या.

आता माझं पाप सांगते. एका नाटकात घर सोडून गेलेल्या मुलाची आई वाट पाहत असते. दुसऱ्या अंकात मुलगा नाही येत, त्याच्या मरणाची बातमी येते. त्या सोमवारी दीदी आल्या त्या सुजलेल्या डोळ्यांनीच. नवऱ्याच्या पाठीची जुनी जखम पुन्हा उघडली होती. "मंग? पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आला ना मुलगा!"

कात्री थांबली. दीदी हसल्या. त्या हसण्याची मला चटक लागली.

पुढची सहा वर्षं मी दुसरे अंक रचत राहिले. भाऊ भावाच्या गळ्यात पडले, ताप उतरले, हरवलेल्या बायका परत आल्या. माझ्या राज्यात रायपूरच्या रंगमंचावर एकही माणूस मेला नाही. संध्याकाळी नवऱ्याला पेज भरवताना दीदी हे सगळं त्यांना सांगायच्या. पहिला अंक रविवारी, दुसरा सोमवारी. मला त्याचा केवढा अभिमान होता!

गेल्या हिवाळ्यात दीदींचा नवरा गेला. दीदी आता गोंदियाला भावाकडे राहतात आणि गॉज कापायला दुसरी नर्स आहे. पण गोंदियाला जाण्याआधी आम्ही एक नाटक पाहिलं, शेवटपर्यंत. "लोक काय म्हणतील, दीदी?" मी विचारलं होतं. "लोकाइनं ह्याइची कूस बदलली का?" त्या म्हणाल्या आणि साडी बदलून आल्या.

नाटक एका आजारी मास्तरांचं होतं. मास्तरांचं काम पंडरीच्या कापडबाजारातला एक पन्नाशीचा दुकानदार करत होता. मध्यंतर होताच मी घाईनं उठले. "बसून पाठ दुखली, निघू का?" मी म्हटलं. दीदींनी ऐकलंच नाही. खुर्चीवर पाय वर घेऊन त्या बंद पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

दुसऱ्या अंकात मास्तर गेले. पांढरी चादर तोंडावरून ओढली गेली आणि दीदींनी स्टेजवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"मेला?"

"हो."

"बाकीच्या नाटकाइतही मरत होते का?"

मी मान हलवली. "मला वाटलं, दीदी, तुम्हाला बरं वाटेल."

"मले वाटे बरं," त्या हळूच म्हणाल्या. "पण ह्याइची जीभ जड होती तरी मले विचारत, सगळ्याइचं बरं होते, मंग आपलंच काहून नाही होत? आखरीच्या दिवशीबी तेच विचारलं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पडदा पडला, टाळ्या झाल्या, मी पर्स चाचपू लागले. इतक्यात पडदा पुन्हा उघडला. सगळी मंडळी ओळीत उभी होती आणि मधोमध मास्तर, चादर खांद्यावर टाकून, हात जोडून हसत होते.

दीदी ताडकन उठल्या. "हा उठला!"

"सगळे उठतात, दीदी. नाटक संपलं की नमस्काराला येतात."

"रोज?"

"रोज. प्रत्येक नाटकात."

दीदी उभ्याच राहिल्या. लोक निघाले, खुर्च्या वाजल्या, स्टेजवर मास्तर कोणाशी तरी हिंदीत बोलत चहा पिऊ लागले. दीदी त्या चहा पिणाऱ्या माणसाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मी पहिल्या नाटकात पाहिला होता तसाच उघडा होता, फक्त गाल भिजले होते.

"इतकं सारं सांगितलं तू मले," त्या म्हणाल्या. "हे काहून नाही सांगितलं? मी ह्याइले सांगितलं असतं."

मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.